वंशवृक्षांतील रिकाम्या चौकटी

सुगी आटोपून धान्य घरांत येऊन पडलें म्हणजे आमच्या दक्षिण महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून पूर्वीं हेळवी येत असे. अजूनही कोठें कोठें येतो. बैल घेऊन दारीं यावें, वही उघडावी, त्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, त्यास मुलगे किती, कोणती शाखा कोठें जाऊन राहिली, हें सर्व खड्या सुरांत म्हणून दाखवावें, नवीन जन्मलेल्यांचीं नांवें वहींत चढवावीं, आणि पसा-पायली धान्य घेऊन पुढच्या दारीं जावें, असा हा पिढीजाद व्यवसाय. नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे गेलेल्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय अशाच वह्यांतून त्याच्या पणज्याचें नांव काढून दाखवितात. गेल्या शतकांत तर कित्येक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

आमच्या ख्रिस्ती घरांच्या दारीं हेळवी थांबत नाहीं. यांत त्याचा दोष नाहीं. आमच्या पूर्वजांनीं जेव्हां बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पुष्कळांच्या भाऊबंदांनीं त्यांचें नांव टाकलें, आणि त्यांनींही त्या वहीची आठवण टाकली. परिणाम असा झाला आहे कीं, या शहरांत ख्रिस्ती म्हणून वाढणाऱ्या एखाद्या मुलास पणजोबांचें नांव विचारलें, तर तो वडिलांकडे पाहतो; वडील आजोबांच्या तसबिरीकडे पाहतात; आणि तसबीर तर कांहींच बोलत नाहीं.

माझें म्हणणें असें आहे कीं, हेळव्याचें हें काम आतां मंडळीनेंच हातीं घ्यावें. परंतु एकेका घरानें आपापला वंशवृक्ष रंगवून भिंतीवर टांगावा, अशा रीतीनें तें होऊं नये. सबंध मंडळीची मिळून एक वही व्हावी, आणि तिला पांच वर्षांच्या बालकापासून नव्वद वर्षांच्या आजीपर्यंत प्रत्येकाचा हात लागावा. या मासिकाचे पुष्कळ वाचक ख्रिस्ती नाहींत, हें मी जाणतों. त्यांनीं ‘मंडळी’ या शब्दाच्या जागीं आपली गल्ली, आपली तालीम किंवा आपली भावकी घातली, तरी पुढील मजकूर त्यांसही बहुतांशीं लागू पडेल.

वंशवृक्ष नको असें मी म्हणतों, याचें कारण पुस्तकी नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका शाळेंत असतांना मीं इयत्ता सातवीच्या मुलांस घरीं करून आणण्यास एक काम दिलें. कागदावर एक झाड छापलेलें; बुंध्यावर विद्यार्थ्याचें नांव, दोन फांद्यांवर आईबाप, चार फांद्यांवर दोन्हीकडचे आजीआजोबा; एकंदर सात चौकटी. मला ती कल्पना फार सुंदर वाटली होती. सोमवारीं मुलांनीं कागद आणून दिले. कोणी रंग भरले होते, कोणी छायाचित्रें डकविलीं होतीं. वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलानें सातही चौकटी भरल्या होत्या, आणि अक्षर नेहमींपेक्षां सुवाच्य होतें. मीं त्यास शाबासकी दिली व कागद फळ्याशेजारीं लावला. दोन दिवसांनीं दुसऱ्या एका मुलानें मला हळूच सांगितलें कीं, तीं नांवें वसतिगृहाच्या आचाऱ्याच्या घरचीं आहेत. त्या मुलास आपल्या आईखेरीज कोणाचेंच नांव ठाऊक नव्हतें, आणि आईचेंही तो सहसा घेत नसे. तो कागद भिंतीवरून काढावा कीं राहूं द्यावा, याचा विचार करण्यांत मीं आणखी दोन दिवस घालविले. शेवटीं सगळ्यांचेच कागद काढले. त्या मुलाशीं मी त्याविषयीं कधींच बोललों नाहीं. बोलावयास पाहिजे होतें.

ज्या मंडळींत आम्ही वाढलों, तींत अशा रिकाम्या चौकटी थोड्याथोडक्या नाहींत, आणि त्यांचें कारण इतिहासांत आहे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ सालच्या डिसेंबरांत कोल्हापुरास आले. येथील वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचेंच नांव आहे. १८७० सालीं हें काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलें, आणि पुढें रत्नागिरी, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्लें येथें मिशनचीं ठाणीं झालीं. याच काळांत देशावर एकामागून एक दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा, आणि तो सरतो न सरतो तोंच १८९९-१९०० चा. आईबाप मेलेलीं, किंवा अन्नाच्या शोधांत वाटेंत हरवलेलीं मुलें ठिकठिकाणच्या मिशनच्या आश्रमांतून वाढलीं. केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून व गुजराथेंतून आणलेल्या शेंकडों मुलींची हकीगत वाचकांस ठाऊक असेल. या मुलामुलींचीं लग्नें झालीं, संसार झाले. त्यांचीं मुलें शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, पाळक झालीं. आणि त्या मुलांचीं पणतवंडें आज आमच्या शब्बाथ शाळेंत मांडी घालून बसतात. त्यांच्या झाडास मुळें कोठून दाखवावयाचीं?

माझ्या वडिलांची आजी अशांपैकींच एक. १९०० सालीं, वय सुमारें सहा वर्षांचें असतां, तिला धाकट्या भावासह एका आश्रमांत आणून सोडलें. कोणीं सोडलें तें तिला आठवत नसे. भाऊ आठ दिवसांत गेला. आश्रमाच्या नोंदवहींतील तिच्या नांवाचा उतारा वडिलांनीं कोठूनसा मिळवून जपून ठेवला होता. मीं तो लहानपणीं पाहिला आहे. त्यांत तिचें बायबलांतील नवें नांव होतें, अंदाजी वय होतें, दाखल झाल्याची तारीख होती, आणि आईबापांच्या रकान्यांत एक आडवी रेघ होती. दाखल झाल्याची ती तारीख आमच्या घरांत तिचा वाढदिवस म्हणून पाळीत असत. कागद पत्र्याच्या पेटींत असे. त्याचें छायाचित्र काढून ठेवावें, असें मी दर मे महिन्याच्या सुट्टींत म्हणत असें. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेलें, आणि आमच्या घरांत छातीएवढें पाणी तीन दिवस उभें राहिलें. तें ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हां आंत कागदाचा लगदा होता. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहींत. २०२१ च्या महामारींत तेही गेले. आतां त्या आडव्या रेघेचाही पुरावा माझ्याजवळ नाहीं.

ही हकीगत केवळ माझ्या घरची नाहीं. पूर, वाळवी आणि घर बदलतांना होणारी आवराआवर यांनीं आमच्या किती घरांतील कागद खाल्ले असतील, त्याची गणती नाहीं. आणि त्या महामारींत तर कागदांपेक्षांही अधिक बोलणारीं माणसें गेलीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहांत आमच्या मिशनचे जुने कागद आहेत, आणि अभ्यासकांस ते पाहावयास मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते कागद साहेबांनीं साहेबांस लिहिलेले. त्यांत शाळा किती, सभासद किती, खर्च किती, हें मिळेल. आमची पणजी चुलीपाशीं काय बोलत असे, तें तेथें कोण कशाला लिहून ठेवील? तें येथेंच मिळावयाचें, आणि तेंही आणखी थोडींच वर्षें.

आतां वहींत लिहावयाचें काय, हा प्रश्न येतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाहीं.

आमच्या मंडळ्यांतून घराण्याचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत पडून गेली आहे. ‘अमुक सालीं आजोबांनीं प्रभूचा स्वीकार केला’ येथून आरंभ होतो. त्यापूर्वीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं. याचें एक कारण श्रद्धेचें आहे, आणि त्याविषयीं मला आदर आहे. नवा जन्म झाला म्हणणाऱ्यानें जुन्या जन्माची कथा कां सांगावी? परंतु दुसरें कारण जातीचें आहे, आणि तें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. ज्यांचे पूर्वज ब्राह्मण किंवा मराठे होते, ते ती गोष्ट पाहुण्यांपुढें चार वेळां सांगतात. ज्यांचे पूर्वज गांवकुसाबाहेरचे होते, ते आपल्या मुलांपाशीं एकदांही सांगत नाहींत. बाप्तिस्म्यानें जात गेली असें आपण खरोखरच मानीत असूं, तर चार आणि शून्य यांमधील ही तफावत कोठून आली? दोन्ही गोष्टी सारख्याच आवाजांत सांगतां येतील, त्या दिवशीं मंडळींतून जात गेली असें मी म्हणेन.

आमचे उत्तम लेखक या बाबतींत आमच्यापेक्षां धीट होते. बेळगांवचे बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं झाला. परंतु ‘अरुणोदय’ हें आपलें आत्मचरित्र त्यांनीं तेथून सुरू केलें नाहीं. बालपणींचें घर, त्यांतील देवधर्म, व्रतें, सण हें सर्व त्यांनीं मन लावून लिहिलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. त्यांतही आधीं येतात ते १८५७ च्या धामधुमींत फांशीं गेलेले आजोबा, आणि त्या धक्क्यानें सोंवळ्याच्या वेडांत सांपडलेले वडील. त्या सोंवळ्यापायीं घरच्या माणसांचे काय हाल होत, तें वाचतांना हसूं येतें आणि मग हसल्याची लाज वाटते. हीं पानें गाळलीं असतीं तर पुढील पानांस काय अर्थ राहिला असता? शिवाय, लक्ष्मीबाईंचें शाळेंतील शिक्षण जवळजवळ नव्हतेंच, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ‘मला लिहितां येत नाहीं’ असें म्हणणाऱ्या आजीबाईंपुढें मी नेहमीं त्यांचें उदाहरण ठेवतों.

पवित्र शास्त्र पाहिलें तरी तेंच दिसतें. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभींची वंशावळ मुलें पाठ वाचतांना कंटाळतात. तींत कोण कोण आहे तें त्यांस आम्ही सांगत नाहीं म्हणून. मरीयेच्या आधीं तींत चार बायकांचा उल्लेख आहे. तामार, राहाब, रूथ, आणि चौथीचें तर नांवही न देतां उरीयाची बायको एवढेंच म्हटलें आहे. यांतील एकीची कथा लोकांनीं कुजबुजत सांगावी अशी, एक वेश्या, एक परक्या जातीची विधवा. एखाद्या कुलवृत्तांतकारानें हीं नांवें हळूच वगळलीं असतीं. मत्तयानें तीं मुद्दाम घातलीं आहेत. याच्या उलट प्रसंग एज्राच्या पुस्तकांत आहे. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या कांहीं याजकांनीं आपल्या वंशावळीचे कागद शोधले. ते सांपडले नाहींत, म्हणून त्यांस याजकपणांतून दूर केलें. वंशावळीचे दोन उपयोग आहेत, एक आंत घेण्याचा, एक बाहेर ठेवण्याचा. आपली वही कोणत्या जातीची व्हावी, हें आरंभींच ठरवलेलें बरें.

येथें एक व्यावहारिक अडचण आहे, ती लपवून उपयोग नाहीं. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहींत. त्यामुळें कोणत्या कागदावर जात आणि धर्म यांच्या रकान्यांत काय लिहिलें आहे, याविषयीं कित्येक घरांत कायमची धास्ती असते, आणि ती धास्ती खोटी नाहीं. म्हणून वहीचा पहिला नियम असा असावा कीं, ज्याची गोष्ट त्याची परवानगी. म्हाताऱ्या माणसानें ‘हें लिहूं नको’ म्हटलें कीं लेखणी थांबली पाहिजे, मग मजकूर कितीही मोलाचा असो. दुसरा नियम, वही मंडळीच्या कपाटांत कुलुपांत राहावी. तिचीं पानें मोबाईलवरून गांवभर फिरूं नयेत. २०२३ सालापासून कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सबंध महाराष्ट्रांत जुनीं मोडी दफ्तरें उघडलीं गेलीं, आणि ज्यांनीं जन्मांत पणजोबांचा विचार केला नव्हता तेही शाळेचे जुने दाखले धुंडाळूं लागले. दाखल्यासाठीं शोध करणें गैर नाहीं, गरज असते. पण दाखला हातांत पडला कीं तो शोध संपतो, आणि पणजोबा पुनः दफ्तरांत जाऊन बसतात.

जुन्या ख्रिस्ती घराण्यांच्या अभिमानाविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. ‘आमचें घराणें मंडळींतलें पहिलें’ असें म्हणणारीं दोन-तीन घरें प्रत्येक मंडळींत असतात, आणि पुढचीं बांकें त्यांचीं असतात. त्यांनीं सोपें गणित करावें. आईबाप दोन, आजीआजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. असेंच मागें जात राहिलें म्हणजे पुढें सोळा, बत्तीस, चौसष्ट. १८५२ सालापासून आज शब्बाथ शाळेंत बसणाऱ्या मुलापर्यंत सुमारें सहा पिढ्या होतात. म्हणजे वाइल्डरसाहेब आले तेव्हां त्या मुलाचे चौसष्ट पूर्वज कोठें ना कोठें वावरत होते. त्यांपैकीं एकानें पुढें प्रथम बाप्तिस्मा घेतला असेल. बाकीचे त्रेसष्ट कोण होते? त्यांतील कित्येक शेजारच्या बांकावर बसणाऱ्या मुलाचेही पूर्वज निघण्याचा संभव आहे. ही आकडेमोड मीं एकदां फळ्यावर करून दाखविली तेव्हां एक मुलगा म्हणाला, “सर, मग आम्ही सगळे भाऊबंदच कीं!” त्यावर वर्गांत जो हंशा पिकला, तो थांबेपर्यंत तास संपला.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळींत आम्हीं जें करून पाहिलें तें आतां सांगतों. उपासना झाल्यावर एक तास, असे चार रविवार आम्हीं ठरविले. पहिल्या रविवारीं सतरंज्या घातल्या, वृद्ध मंडळींस खुर्च्या दिल्या, आणि प्रत्येक मुलास एकेका वृद्धाशेजारीं बसविलें. अट एकच होती. तें माणूस आपल्या घरचें नसावें. आपल्या आजीची गोष्ट मूल अर्ध्या कानानें ऐकतें, कारण ती उद्यांही सांगणार आहे; आणि आजीही आपल्या नातवास जें सांगत नाहीं तें परक्या मुलास सहज सांगून जाते. या अटीचा दुसरा लाभ असा कीं, वसतिगृहांतील मुलें आणि ज्यांस घरीं कोणी नाहीं अशीं मुलें यांत इतरांच्या बरोबरीनें बसलीं. त्यांना कोणीं त्यांचें झाड विचारलें नाहीं. त्यांच्या हातांत लेखणी दिली.

प्रश्न लिहून दिले होते. ‘तुमच्या वडिलांचें नांव काय?’ हा प्रश्न त्यांत मुद्दाम घातला नव्हता. तुमच्या लहानपणीं पाणी कोठून आणीत? कोल्हापुरास पहिल्यांदां कशांत बसून आलां? शाळेंत तुम्हांस कोणीं घातलें? आणि शेवटीं, तुम्हांस कोणीं वाढविलें? हा शेवटचा प्रश्न ठरवितांना आमच्यांत बराच वाद झाला. कांहींचें म्हणणें, सरळ ‘आईवडील कोण’ असें विचारावें. ‘कोणीं वाढविलें’ असेंच मीं धरून ठेवलें, कारण या प्रश्नास उत्तर नाहीं असा मनुष्य जगांत नाहीं. उत्तरें काय आलीं! एकानें आपल्या चुलतीचें नांव सांगितलें, एकीनें आश्रमांतील मोठ्या मुलीचें, एका आजोबांनीं एका मुसलमान शेजारणीचें. एक आजी म्हणाल्या कीं, त्यांची आई मिरजेस वॉनलेस साहेबांच्या दवाखान्यांत सुईणपण शिकली, आणि रात्रीं-बेरात्रीं कंदील घेऊन खेड्यांतून जात असे. म्हणून आम्हां भावंडांस वाढविलें तें त्या कंदिलाच्या वाट पाहण्यानेंच. (१८९४ सालीं उघडलेल्या त्या रुग्णालयानें अशीं किती घरें उभीं केलीं, त्याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं.) दुसरे एक आजोबा कोडोलीहून सोमवारीं पहाटे निघून पायीं कोल्हापुरास शाळेला येत; फडक्यांत आठवड्याच्या भाकऱ्या असत, आणि गुरुवारनंतर त्या पाण्यांत भिजवून खाव्या लागत. हें ऐकून लिहिणाऱ्या मुलीनें विचारलें, “मग बुरशी येत नव्हती?” आजोबा म्हणाले, “येई; ती झटकायची.” मुलीनें तें जसेंच्या तसें लिहिलें आहे. मीं तिच्या शुद्धलेखनाखेरीज कांहीं दुरुस्त केलें नाहीं.

ज्यांस लिहितां येत नाहीं अशा बाळगोपाळांसाठीं दुसऱ्या रविवारीं जमिनीवर रांगोळीनें मोठा नकाशा काढला. निळ्या रांगोळीची पंचगंगा, मधोमध कोल्हापूर, आणि भोंवतीं पन्हाळा, कोडोली, आजरें, गडहिंग्लज, निपाणी, बेळगांव, मिरज, सांगली. सह्याद्रीपलीकडे रत्नागिरी व वेंगुर्लें. मोठ्यांनीं आपल्या घराण्याचें गांव सांगावें आणि मुलानें तेथें खडा ठेवावा. ज्यांस गांव ठाऊक नव्हतें त्यांचे खडे कोठें ठेवावेत, असा प्रश्न आला. एका पांच वर्षांच्या मुलीनें ते सगळे उचलून चर्चच्या खुणेभोंवतीं ओळीनें मांडले. तिला कोणीं सांगितलें नव्हतें. पाळकसाहेबांनीं तेथल्या तेथें यार्देनेंतून उचललेल्या बारा दगडांची गोष्ट सांगितली; ‘हे दगड कशाचे?’ असें पुढें मुलांनीं विचारावें म्हणून यहोशवानें ते ठेवविले होते.

तिसरा रविवार स्त्रियांचा होता, आणि नाताळच्या करंजीच्या सारणांत कोणाच्या आजीनें काय घातलें यावर तो सबंध खर्च झाला. निकाल लागला नाहीं. दोन्ही पक्षांचें सारण वहींत लिहून घेतलें आहे.

चाळिशीच्या आसपासचे पुरुष, माझ्यासह, या तिन्ही रविवारीं बाहेर उभे राहून चहा पीत होते. म्हणून चौथ्या रविवारीं त्यांस दफनभूमींत नेलें. जुन्या शिळांवर शेवाळ चढून अक्षरें बुजलीं होतीं. साधें पाणी आणि मऊ कुंचला यांनींच त्या धुवाव्या. तारेचा ब्रश किंवा आम्ल लावूं नये, त्यानें शेवाळाबरोबर अक्षरेंही जातात. सकाळचें ऊन तिरपें असतें तेव्हां, किंवा आरशानें बाजूनें उजेड पाडला म्हणजे, झिजलेलीं अक्षरें उठून दिसतात. ही युक्ति मुलांस फार आवडली. एका तासांत सव्वीस शिळा वाचून झाल्या. त्यांतील अकरा लहान मुलांच्या होत्या. चहा पिणारे त्या दिवशीं फारसे बोलले नाहींत.

पालकांसाठीं घरगुती कागदांविषयीं थोडें सांगतों. जुन्या छायाचित्राच्या पाठीवर नांवें लिहावयाचीं तीं मऊ पेन्सिलीनें. बॉलपेनची शाई उमटते आणि दाबानें चित्रावर वळ येतात. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये, आणि प्लॅस्टिकमध्यें तर तो कधींच मढवूं नये. पेटींतला कागद वाचतां येत नाहीं म्हणून फेंकूं नये. तो मोडींत असेल. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्याकडील पुष्कळ व्यवहार मोडींतच चालत होता, आणि मोडी वाचणारे लोक कोल्हापुरांत अजून आहेत. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडून मोडीचे वर्गही भरतात. म्हाताऱ्या माणसाचें बोलणें मोबाईलवर घेतलें, तर आरंभींच त्यांच्या तोंडून नांव आणि त्या दिवसाची तारीख वदवून घ्यावी. नाहीं तर वीस वर्षांनीं नुसता आवाज राहतो, आणि हा आवाज कोणाचा यावरून घरांत भांडण होतें. आणि छायाचित्र काढावयाचें तें आजच काढावें. मे महिन्याची वाट पाहूं नये.

आमच्या या खटाटोपास एका वडीलजनांनीं विरोध केला, आणि तो विचार करण्याजोगा होता. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, जिचा अंत नाहीं अशा वंशावळ्यांच्या नादीं लागूं नये, अशा अर्थाची ताकीद आहे. ती त्यांनीं उघडून दाखविली. वंशावळींतून वाद निघतात, हें त्यांचें म्हणणें मला मान्य आहे. करंजीवरूनच निघाला होता. परंतु त्याच पौलानें त्याच तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीं त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नांवानिशीं आठवण केली आहे. मूळ पुरुषापर्यंत जाण्याचा हव्यास वेगळा, आणि आजी व आई यांचीं नांवें विसरूं न देणें वेगळें. त्यांनीं तें ऐकून घेतलें, पण पटलें असें म्हटलें नाहीं. तथापि पुढच्या रविवारीं ते सतरंजीजवळच्या खुर्चीवर येऊन बसले आणि एका मुलास पाऊण तास सांगत होते. काय सांगितलें तें त्यांच्या इच्छेवरून वहींत आलेलें नाहीं.

माझ्या घराण्याचें पान मीं सर्वांत शेवटीं लिहिलें. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, हयात आहे. तिचें वय ब्याऐंशी. पत्र्याच्या पेटीची हकीगत तिला ठाऊक होती. मी तिच्याकडे गेलों तो प्रश्नांचा कागद घेऊनच, आणि आपल्याच घरच्या माणसास विचारूं नये हा आमचा नियम मोडून. ‘तुला कोणीं वाढविलें?’ या प्रश्नावर ती म्हणाली, “आजीनं.” मग थोडा वेळ ती पदराशीं चाळा करीत राहिली आणि म्हणाली, “तिचं खरं नांव तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं. मला सांगितलं होतं एकदां, तापांत असतांना. आश्रमांत यायच्या आधींचं. आईनं ठेवलेलं. मला म्हणाली होती, कुणाला सांगूं नकोस.”

मीं लेखणी खालीं ठेवली. नियम मींच केला होता.

आत्या म्हणाली, “आतां सांगते. तिला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झालीं. लिही.”

तें नांव दोन अक्षरांचें आहे. येथें तें छापीत नाहीं. मंडळीच्या वहींत सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. आईबापांच्या रकान्यांत आडवी रेघ तशीच ठेवली आहे, आणि तिच्याखालीं आत्यानें स्वतःच्या हातानें, कांपऱ्या अक्षरांत, एक ओळ लिहिली आहे कीं, नांव आईनें ठेविलें होतें.